‘डॉक्टर, तुम्ही काय केलं असतं?’

आनुवंशिक समुपदेशकासमोर बसलेलं जोडपं आकडे ऐकून घेतं, रिपोर्ट उलटसुलट करून पाहतं आणि शेवटी विचारतं, “तुमच्या घरात असं झालं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?” याचं सरळ उत्तर द्यायचं नाही, असं या पेशात शिकवलं जातं. वैद्यकात हे विचित्रच. मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालायचं की नाही, हे कुणी रुग्णावर सोपवत नाही. मग इथेच हा संयम कुठून आला?

शोधत गेलं की आपण अमेरिकेतल्या मिनियापोलिसला, एका सुजननवाद्याच्या, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाच्याच लोकांना मुलं व्हावीत असं मानणाऱ्याच्या, मृत्युपत्रापाशी पोचतो. चार्ल्स फ्रीमॉन्ट डाइट हा वल्ली डॉक्टर. समाजवादी नगरसेवक, दुधाच्या पाश्चरीकरणासाठी भांडलेला, काही काळ चक्क झाडावरच्या घरात राहिलेला. मिनेसोटात १९२५ साली नसबंदीचा कायदा झाला तो याच्या रेट्यामुळे. १९३३ मध्ये याने हिटलरला कौतुकाचं पत्रही धाडलं. १९३८ साली तो वारला आणि त्याने मागे ठेवलेल्या पैशांतून मिनेसोटा विद्यापीठात मानवी आनुवंशिकीची संस्था उभी राहिली.

डाइटला माथेफिरू म्हणून बाजूला सारणं सोयीचं असलं, तरी खरं नाही. सक्तीच्या नसबंदीवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षी आपल्या ना. सी. फडक्यांचं सुजननाची बाजू मांडणारं इंग्रजी पुस्तक निघालं. कादंबरीकार फडके आपल्याला आठवतात. हे फडके आपण सोयीस्करपणे विसरलो.

शेल्डन रीड १९४७ साली डाइटच्या संस्थेत आले, तेव्हा जर्मनीत सुमारे चार लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाल्याचं जग जाणून होतं. ‘सुजनन’ हे नाव आता चालणार नव्हतं. रीड यांनी ‘जेनेटिक काउन्सेलिंग’ हा शब्दप्रयोग रूढ केला. आलेल्या कुटुंबाला धोका किती ते सांगायचं, शंका फेडायच्या, मूल होऊ द्यायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. पैसा डाइटचा आणि पद्धत डाइटच्या नेमकी उलट!

पण हा अर्धाच वारसा. उरलेला अर्धा मानसशास्त्रातून आला. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या पुस्तकात मांडलं होतं की, समोरच्याला दिशा देऊ नका, त्याचं नीट ऐका. वाट त्याला सापडते. न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स या मुळात मुलींच्या कॉलेजात मेलिसा रिक्टर यांनी १९६९ साली आनुवंशिक समुपदेशनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा रॉजर्स यांची ही शिकवण पेशात मुरत गेली. पुढे गर्भजल तपासणी रुळली, १९७३ मध्ये अमेरिकेत गर्भपाताला घटनात्मक संरक्षण मिळालं, आणि समुपदेशकाच्या एकेका शब्दाला वजन आलं. गप्प राहणं तत्त्व म्हणून शोभत होतं, आणि कातडीबचावू म्हणूनही उपयोगी होतं.

आकडे सांगितले की काम झालं, हा भ्रम मात्र लवकरच फुटला. मॉन्ट्रियलमध्ये अॅबी लिपमन-हँड आणि क्लार्क फ्रेझर यांनी समुपदेशन घेतलेल्या पालकांचा अभ्यास केला. १९७९ मध्ये त्यांनी मांडलं की, २५ टक्के असो वा दोन टक्के, पालकांच्या मनात उरतं ते एवढंच : होईल किंवा होणार नाही. हे अडाणीपण नव्हे. अमुक टक्के आजारी मूल कुणाच्याच घरी जन्मत नाही. सेमूर केसलर या मानसशास्त्रज्ञाने १९९७ साली तर सुनावलंच की, सल्ला न देणं म्हणजे हात झटकणं नव्हे. माणसाला स्वतःच्या निर्णयापाशी पोचवणं हे शिकून येणारं कसब आहे. मला या साऱ्या वंशावळीत केसलर सर्वांत जवळचे वाटतात. “काय केलं असतं?” या प्रश्नामागे बहुधा “आम्ही वाईट आई-बाप ठरू का?” हा प्रश्न दडलेला असतो. तो बाहेर काढायचा, तर गप्प बसून चालत नाही.

आपल्याकडे हा वारसा वेगळ्याच वाटेने आला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने. केंद्राच्या कायद्यात ‘जेनेटिक काउन्सेलिंग सेंटर’ अवतरलं ते नोंदणी, अर्ज आणि शिक्षेच्या कलमांसह. मौन इथेही आहे, पण गर्भाच्या लिंगाबद्दल. हा निर्णय कुटुंबावर सोडायचाच नाही, म्हणून ते पाळायचं. रॉजर्स यांच्या शिकवणीला घातलेली ही मर्यादा मला तरी योग्यच वाटते.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या कामात तर थेट सल्लाच दिला जातो : वाहकाने वाहकाशी लग्न करू नये. कारण उघड आहे. दोघेही ‘एएस’, म्हणजे वाहक, असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, होण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटत नाहीत, हे इथे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पण ‘वाहकाशी लग्न नको’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानात सहज ‘हिच्याशी लग्न नको’ होतं. तपासणीच्या कार्डावर ‘एएस’ असलेली मुलगी आजारी नसते, आणि मुलगा ‘एए’, म्हणजे वाहकही नसलेला, असेल तर त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही. तेव्हा पुढचं बोलणं मुलाकडच्यांशी करायचं असतं, आणि त्याची सुरुवात मुलाची तपासणी झाली आहे का, या प्रश्नाने करावी लागते.