संशोधनपत्रिका, अर्थ-वाणिज्यविषयक
अर्थ, वाणिज्य व व्यवस्थापन या विषयांतील लेख तज्ज्ञांकडून तपासून प्रसिद्ध करणारी नियतकालिके. पुण्याच्या गोखले संस्थेने (स्थापना १९३०) १९५९ मध्ये 'अर्थविज्ञान' सुरू केले, तेव्हा संस्थेच्या नावानेच पत्रिकेस वजन येई. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्रसिद्ध लेखांना गुण ठरविले व मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावच्या वाणिज्य-अध्यापकाची पदोन्नतीही त्यांच्याशी जोडली गेली. पैसे घेऊन छापणाऱ्या पत्रिका बोकाळल्या. त्यांची संपादक मंडळे पुष्कळदा नावापुरतीच. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी विद्यापीठांनीच शिफारस केलेल्या, सर्व विषयांच्या १,००९ पत्रिका पारखल्या (२०१८). ८८ टक्क्यांहून अधिक हिणकस ठरल्या. सुमारे ३४.५ टक्के पत्रिकांत पत्ता, संपादकांची नावे यांसारखी प्राथमिक माहितीही चुकीची होती वा नव्हतीच. पुढे आलेली 'केअर' सूची आयोगाने २०२५ मध्ये बंद केली आणि पारख करण्याचे काम पुन्हा संस्थांकडेच गेले.