नव्वद नंबरचा जिल्हा

फ्रान्समध्ये जिल्ह्याला ‘देपार्तमाँ’ म्हणतात आणि प्रत्येकाला एक क्रमांक असतो. पिनकोडचे पहिले दोन आकडे बहुतेक ठिकाणी तेच. हे क्रमांक वर्णानुक्रमे दिलेत. एका कामासाठी ही यादी डेटाबेसमध्ये भरताना मला त्यातली गंमत दिसली. 89 वर ‘योन’ येतो. वाय अक्षर आलं, म्हणजे यादी संपायला हवी. पण पुढे 90 वर ‘तेरित्वार द बेलफोर’ आहे. टी अक्षराचा जिल्हा वायच्या मागे कसा? 91 ते 95 क्रमांक 1960च्या दशकात पॅरिसभोवतीच्या जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हाचे. नव्वदची गोष्ट मात्र युद्धाची आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. राज्यक्रांतीनंतर 1790 मध्ये जुने प्रांत मोडून 83 देपार्तमाँ केले गेले. नावं मुद्दाम नद्या-डोंगरांची ठेवली, म्हणजे प्रांतांच्या जुन्या अस्मिता विसरल्या जाव्यात. जर्मन सीमेवरच्या अल्सास प्रांताचे दोन जिल्हे झाले. त्यांतल्या ‘ओ-रँ’ म्हणजे वरच्या ऱ्हाइन जिल्ह्यात बेलफोर हे एक गाव होतं.

गाव छोटं, पण जागा मोक्याची. उत्तरेला व्होज पर्वत, दक्षिणेला ज्युरा, आणि मधे सपाट खिंड. ऱ्हाइनच्या खोऱ्यातून फ्रान्समध्ये सैन्य आणायचं तर वाट हीच. म्हणून चौदाव्या लुईच्या काळात वोबाँने इथे भक्कम तटबंदी बांधली.

1870 च्या युद्धात या तटबंदीची परीक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये प्रशियाच्या सैन्याने वेढा दिला. कर्नल दांफेर-रोशरोने 103 दिवस किल्ला लढवला. जानेवारीअखेर पॅरिसने शस्त्रं ठेवली, तरी बेलफोर लढतच होतं. शेवटी सरकारचाच हुकूम आला, तेव्हा 18 फेब्रुवारी 1871 ला फौज शस्त्रांसह, मानाने बाहेर पडली.

तहाच्या वाटाघाटीत बिस्मार्कला अल्सास हवा होता. फ्रान्सच्या तिएरने बेलफोरसाठी हट्ट धरला. बिस्मार्कने पर्याय ठेवला: बेलफोर घ्या, नाहीतर पॅरिसमधून आमच्या सैन्याचं संचलन टाळा. तिएरने बेलफोर घेतलं. 1 मार्चला जर्मन सैनिक पॅरिसमध्ये शिरले.

ओ-रँचा बाकी भाग जर्मनीत गेला. उरलेल्या तुकड्याला जिल्हा म्हणायची फ्रान्सची तयारी नव्हती. जिल्हा म्हटलं की अल्सास गेला हे मान्य केल्यासारखं. म्हणून नाव दिलं ‘तेरित्वार’, म्हणजे नुसता ‘प्रदेश’. आणि प्रीफेक्टऐवजी नेमला प्रशासक. व्यवस्था तात्पुरती होती. प्रॉडक्शनमधल्या ‘तात्पुरत्या’ कोडचं काय होतं, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

ज्यांना फ्रेंच राहायचं होतं, त्यांना 1 ऑक्टोबर 1872 पर्यंत अल्सास सोडायचा होता. घरदार मागे टाकून अनेक जण बेलफोरला आले. पाठोपाठ कारखानेही आले. सीमेपलीकडे पडलेल्या म्युलूजमधल्या रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या कंपनीने 1879 मध्ये इथे नवा कारखाना उभारला. 1928 मध्ये ‘अल्सासिएन’ आणि ‘थॉमसन’ या नावांच्या जोडणीतून ‘अल्स्टॉम’ हे नाव झालं. पुढे टीजीव्हीची इंजिनं बेलफोरलाच बनली. याच अल्स्टॉमच्या डिझाइनची, बिहारमधल्या मधेपुऱ्यात बनणारी मालगाडीची इंजिनं आज देखभालीसाठी नागपूरच्या डेपोत येतात.

किल्ल्याखालच्या कड्याला टेकून गुलाबी दगडाचा 22 मीटर लांब सिंह आहे. तो बार्तोल्दीने केला, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा घडवणाऱ्यानेच. त्याचं जन्मगाव कोलमार त्याच ओ-रँमधलं, पण जर्मनीत गेलेलं. स्वतःचं गाव हरवलेल्या माणसाने वाचलेल्या गावासाठी केलेलं हे काम आहे.

1918 मध्ये अल्सास परत आला. आता तुकडा मूळ जिल्ह्याला जोडायला हरकत नव्हती. पण मधल्या 47 वर्षांत दोन्ही शाखा वेगळ्या वाढल्या होत्या. अल्सासमध्ये जर्मन काळातले कित्येक कायदे मुरले होते. इकडे फ्रान्सने 1905 मध्ये धर्म आणि शासन वेगळं केलं होतं. शेवटी 1922 मध्ये बेलफोर रीतसर स्वतंत्र देपार्तमाँ झाला आणि यादीच्या शेवटी 90 क्रमांकावर बसला. नाव मात्र ‘तेरित्वार’च राहिलं.

आज हा जेमतेम 609 चौरस किलोमीटरचा जिल्हा आहे. पण ती रेषा अजून जिवंत आहे. 26 डिसेंबरला म्युलूजमध्ये सरकारी सुट्टी असते. चाळीसेक किलोमीटरवरच्या बेलफोरमध्ये लोक कामावर जातात. अल्सासमध्ये धर्मगुरूंना सरकारी पगार मिळतो, इथे नाही. या रेषेवर आता चौकी नाही की सैनिक नाही. तरी तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस वेगळ्या कॅलेंडरवर जगतो.