स्थितांबरातील ओझोनचे हेलकावे : भारतीय निरीक्षणांचा इतिहास

दादरा व नगर हवेलीचे मुख्य शहर सिल्वासा हे मुंबई व अहमदाबाद यांच्या दरम्यान, सुमारे २०.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ओझोनच्या संशोधनात या शहराचे नाव येत नाही. तथापि त्याच्यावरील आकाशात हिवाळ्यात जे घडते, ते समजण्यास दक्षिणेकडील व उत्तरेकडील या दोन शहरांतील नोंदी उपयोगी पडल्या.

भारतातील ओझोनची सुरुवातीची निरीक्षणे १९२८-२९ मध्ये कोडाईकनाल येथे, ऑक्सफर्डच्या डॉब्सन यांनी पाठविलेल्या उपकरणावर झाली. मुंबईतील निरीक्षणे चिपळूणकर यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केली. सूर्यप्रकाशातील दोन अतिनील तरंगलांबींच्या तीव्रतेची तुलना करून डोक्यावरील एकूण ओझोन काढणे, ही ती रीत. तो सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाखाली आणला तर आपल्या भागात त्याचा थर जेमतेम अडीच-पावणेतीन मिलिमीटरचा भरतो!

या कार्याला खरे सातत्य दिले ते कल्पाती रामकृष्ण रामनाथन (१८९३-१९८४) यांनी. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे हे शिष्य हवामान खात्यात दीर्घकाळ सेवा करून १९४८ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. करंदीकर, कुलकर्णी, दवे या सहकाऱ्यांसह त्यांनी ओझोन कोणत्या उंचीवर किती, हा प्रश्न चिकाटीने हाताळला. निवृत्तीच्या वयात नवी संस्था उभारणारा माणूस रोजच्या कंटाळवाण्या मोजमापांचाही आग्रह धरतो, हे विशेष होय.

त्या आग्रहाचे फळ पुढे दिसले. विषुववृत्तावरील स्थितांबरात वारे काही काळ पूर्वेकडून व नंतर पश्चिमेकडून वाहतात आणि हे चक्र सरासरी सुमारे २८ महिन्यांत पूर्ण होते, असे १९६०-६१ मध्ये अमेरिकेतील रीड व ब्रिटनमधील एब्डन यांनी दाखविले. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातील फंक व गार्नहॅम यांनी ओझोनमध्ये २४ महिन्यांचे चक्र सुचविले. १९६३ मध्ये रामनाथन यांनी उष्ण कटिबंधावरील ओझोनच्या अशाच बदलावर लेख लिहिला. दोन वर्षांहून लांब चक्र एका वर्षाच्या नोंदींत सापडणे शक्यच नव्हते.

विषुववृत्तावर खालच्या स्थितांबरात पश्चिमेकडील वारे आले की तेथील एकूण ओझोन वाढतो. साधारण १२ ते १५ अंशांपलीकडे मात्र उलट परिणाम दिसतो, आणि तो हिवाळ्यात अधिक ठळक असतो. म्हणजे सिल्वासा या उलट बाजूच्या पट्ट्यात येते. मराठीत या थराला ‘स्थितांबर’ म्हणतात. हवेचे वरखाली मिसळणे तेथे मंद असते म्हणून नाव चुकीचे नाही, पण ‘स्थित’ शब्दाने थोडी फसगत होते खरी.

१९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट जाहीर झाल्यावर या जुन्या हेलकाव्यांना वेगळेच महत्त्व आले. मनुष्यनिर्मित रसायनांमुळे झालेली घट किती, हे ठरविताना निसर्गाची चढउतार आधी वजा करावी लागते. त्यासाठी खंड न पडलेल्या नोंदीच लागतात. आणि हे चक्रही बिनचूक नाही. १९५३ पासूनच्या वाऱ्यांच्या नोंदींत कधी न दिसलेला व्यत्यय २०१६ च्या आरंभी दिसला: खाली उतरणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांच्या मधोमध पूर्वेकडील वारे घुसले. २०१९-२० मध्ये तसेच पुन्हा घडले.