विंडोज ११ : प्रणाली बदलण्यापूर्वी संगणकाची तपासणी

मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ रोजी आणलेल्या विंडोज १० या संगणक कार्यप्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. त्या दिवशी कोणताही संगणक बंद पडला नाही. म्हणूनच घरे आणि लहान कार्यालये यांतून विंडोज ११ स्वीकारण्याचा निर्णय सहज लांबणीवर पडतो. थांबल्या त्या सुरक्षा दुरुस्त्या. प्रणालीतील उणिवा बुजवणारी अद्यतने कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. दोन्ही प्रणालींचा बराच अंतर्भाग समान आहे. त्यामुळे विंडोज ११ साठीची दुरुस्ती अभ्यासून तीच उणीव जुन्या प्रणालीत शोधणे हल्लेखोरांना शक्य होते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील संगणक ठप्प केले, तेव्हा संबंधित उणिवेवरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झालेली होती. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात किंवा करविवरणपत्रे भरली जातात, तेथे नव्या प्रणालीचे रूप आवडते की नाही हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो.

पात्र संगणकावर विंडोज १० वरून विंडोज ११ विनामूल्य घेता येते. अडचण पात्रतेची आहे. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या किमान अटी बहुतेक यंत्रे पूर्ण करतात (४ जीबीवर काम रेंगाळते, हे वेगळे). खरी अडवणूक टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि प्रोसेसरची पिढी येथे होते. इंटेलचे साधारणतः आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर मान्य यादीत नाहीत. मात्र ‘पीसी हेल्थ चेक’ने नकार दिला म्हणून लगेच नवा संगणक घेऊ नये. पुष्कळ यंत्रांत टीपीएम असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रांत ते पीटीटी, तर एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम या नावाने सापडते. ते सुरू करण्यापूर्वी, डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास, तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. बायोसमधील बदलानंतर संगणक तीच मागू शकतो.

अटींना बगल देऊन विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. अशा यंत्रांना पुढील अद्यतने मिळण्याची हमी कंपनी देत नाही, म्हणजे ज्यासाठी खटाटोप करायचा तेच अनिश्चित राहते.

मराठी मजकूर जुळणीच्या व्यवसायात आणखी एक गाठ आहे. युनिकोडपूर्व काळातील फाँट, त्यांची सॉफ्टवेअरे आणि ती चालू ठेवणारे डोंगल आजही अनेक ठिकाणी वापरात आहेत. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन आणि जुने प्रिंटर यांचीही तीच स्थिती. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे. १६ बिट प्रोग्राम तीवर चालत नाहीत, आणि ड्रायव्हर न मिळाल्यास जोडलेले उपकरण निरुपयोगी होते. कार्यालयातील एकच संगणक आधी बदलून त्यावर आठवडाभर नेहमीचे काम करून पाहणे येथे शहाणपणाचे.

अपात्र यंत्रांसाठी घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अद्यतनांची योजना आहे. तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत असून तीत नव्या सुविधा मिळत नाहीत. मायक्रोसॉफ्ट खात्याशी संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप जोडल्यास ती विनामूल्य आहे. सशुल्क पर्यायाचा दर ३० डॉलर जाहीर झाला होता. संस्थांसाठी पहिल्या वर्षाचा दर प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर असून पुढील प्रत्येक वर्षी तो दुप्पट होतो. त्यामुळे संस्थांना जुनी यंत्रे दीर्घकाळ सांभाळणे परवडणारे नाही. ज्या यंत्रावर केवळ ब्राउझर आणि पत्रलेखन चालते, त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवता येते. मात्र विंडोजवरच चालणारे लेखा सॉफ्टवेअर असल्यास हा मार्ग बहुधा बंद समजावा.

पात्र यंत्राच्या बाबतीत थांबण्यासारखे फारसे काही उरत नाही. दस्तऐवज आणि छायाचित्रांची प्रत बाहेरील डिस्कवर घेऊन बदल करावा. नंतर काही बिघडल्यास सेटिंग्जमधील ‘गो बॅक’ पर्यायाने विंडोज १० परत आणता येते, पण सामान्यतः पहिल्या १० दिवसांतच. त्यामुळे प्रिंटर, टोकन आणि लेखा सॉफ्टवेअर यांची चाचणी त्याच अवधीत उरकावी.