सायनसच्या निदानात सीटी स्कॅनचे स्थान

अतिदक्षता विभागातील बेशुद्ध रुग्णाचा ताप प्रतिजैविके देऊनही उतरत नाही, तेव्हा फुफ्फुसे, लघवी व रक्त यांची तपासणी होते. नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्या, म्हणजेच सायनस, मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहतात. कारण डोकेदुखी वा गालावरील ठणका सांगण्याच्या स्थितीत रुग्ण नसतो.

गाल, कपाळ, दोन डोळ्यांमधील भाग आणि नाकामागील हाड यांत सायनसच्या चार जोड्या असतात. नाकातून घातलेल्या रायल्स ट्यूबमुळे किंवा श्वासाच्या नळीमुळे त्यांची तोंडे अडतात. रुग्ण उताणा पडून राहिल्याने स्राव साचतो व त्यात जंतू वाढतात. साध्या एक्स-रेमध्ये हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. १९७१ मध्ये लंडन येथे रुग्णावर प्रथम वापरल्या गेलेल्या सीटी स्कॅनमध्ये पातळ छेद घेतले जातात. त्यामुळे साचलेला द्रव, सुजलेले अस्तर व झिजलेले हाड स्वतंत्रपणे दिसते.

तथापि, द्रव दिसला म्हणजे जंतुसंसर्ग झालाच, असे नव्हे. नाकात नळी असलेल्या अनेक रुग्णांत, एवढेच नव्हे तर साध्या सर्दीतही असे बदल आढळतात. खात्रीसाठी पोकळीतील स्राव काढून त्याचे कल्चर करावे लागते. उलटपक्षी, सायनस स्वच्छ दिसल्यास तापाचे कारण अन्यत्र शोधता येते.

या तपासणीचे महत्त्व महाराष्ट्राला २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या निमित्ताने प्रकर्षाने जाणवले. कोविडनंतर, विशेषतः मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत, ही बुरशी सायनसमधून डोळ्यांकडे व मेंदूकडे पसरत होती. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. आरंभी सीटीत केवळ अस्तराची सूज दिसू शकते. म्हणून दुर्बिणीने नाकाची तपासणी व ऊतीच्या तुकड्याची परीक्षा आवश्यक ठरते. डोळा वा मेंदू बाधित झाल्याची शंका असल्यास एमआरआय अधिक उपयुक्त असतो.

रायगडच्या किनाऱ्यावरील मुरूड, श्रीवर्धन येथील गंभीर रुग्णाला अलिबाग वा मुंबईला हलविताना नातेवाइकांनी स्कॅनच्या फिल्म, सीडी व अहवाल सोबत ठेवावेत. जुने चित्र हाती असल्यास आजार वाढला की ओसरला, हे डॉक्टरांना ताडून पाहता येते. मधुमेही रुग्णाच्या चेहऱ्यावर एका बाजूस सूज वा बधिरता, नाकातून काळसर स्राव, अथवा अंधूक दिसणे ही लक्षणे असल्यास विलंब करू नये. अशा वेळी गेलेला एक दिवसही डोळ्यावर बेतू शकतो.