बॅक पुढे गेला, मग मागे कोण?

शनिवारी सकाळच्या लोकलने वलवणला घरी आलो. पुण्याहून लोणावळ्याला यायला जेवढा वेळ लागला, जवळजवळ तेवढाच स्टेशनवरून घरी पोचायला लागला. पाऊस सुरू झाला की अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं आमच्याकडे भजी खायला येतं, त्याला आपण काय करणार? गावातला माणूस अशा वेळी गपचूप घरात बसतो. आम्हीही बसलो. बाबांनी टीव्हीवर 'मैदान' लावला, २०२४ मध्ये आलेला अजय देवगणचा, सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरचा. बाबांना फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. (ते टाटांच्या वीज कंपनीतून रिटायर झाले. त्यामुळे वलवणच्या धरणात किती पाणी आहे हे त्यांना खिडकीतून बघून कळतं, पण ऑफसाइड अजून कळलेला नाही.) तरी शेवटी शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला आणि माझा अख्खा वीकेंड त्यात गेला.

"अरे, हा सरदारजी तर बॅकला खेळतो ना? मग गोल कसा मारला?"

सोमवारी ऑफिसात मला एका गोष्टीचं उत्तर द्यायचंय, त्यामुळे हा प्रश्न जरा जास्तच लागला. ते खाली येईलच. आधी सरदारजी.

जर्नैल सिंग. पंजाबातल्या माहिलपूरच्या खालसा कॉलेजचा खेळाडू. तिथून कलकत्त्याला राजस्थान क्लब आणि १९५९ पासून मोहन बागान. जागा स्टॉपर, म्हणजे बचावाच्या अगदी मधोमध उभा राहणारा गडी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सला १-१ बरोबरीत रोखलं आणि हंगेरीसारख्या टीमकडून फक्त २-१ ने हरला, त्या संघाचा हा कणा. स्टॉपरचं काम म्हणाल तर नव्वद मिनिटं हवेतून येणारा प्रत्येक बॉल डोक्याने परतवायचा आणि जमिनीवरून येणारा पायाने. कौतुक शून्य. चुकलात की मात्र नाव पेपरात.

१९६२ चे एशियन गेम्स जकार्तामध्ये होते. मराठी माणसाला त्या स्पर्धेतून गणपतराव आंदळकर आणि मारुती माने हे दोघे आठवतात, कुस्तीत दोघांनीही सुवर्णपदक आणलं होतं. फुटबॉलची सुरुवात मात्र वाईट झाली. पहिल्याच मॅचला दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरवलं. कोरिया म्हणजे साधी टीम नव्हती, १९५६ आणि १९६० अशा दोन्ही आशिया चषकांची विजेती. मग भारताने थायलंडला ४-१ ने हरवलं, पण त्या मॅचमध्ये जर्नैलचं डोकं फुटलं. टाके पडले. पुढची जपानविरुद्धची मॅच तो खेळला नाही. भारत २-० ने जिंकला आणि सेमीफायनलला पोचला.

आता रहीमसाहेबांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर दक्षिण व्हिएतनाम. तुमचा सगळ्यात दणकट माणूस डोक्याला टाके घेऊन बसलाय. त्याला स्टॉपरला उभं केलं तर पहिल्या पाच मिनिटांतच बॉल डोक्यावर घ्यावा लागणार, आणि स्टॉपरला हेडर टाळता येत नाही. बसवून ठेवलं तर तो माणूसच हातचा गेला. आणि त्या काळात मॅच सुरू झाल्यावर खेळाडू बदलायची सोय नव्हती, हे लक्षात घ्या. वर्ल्ड कपमध्येसुद्धा बदली खेळाडू पहिल्यांदा १९७० मध्ये आले. म्हणजे सुरुवातीला निवडलेले अकरा हेच तुमचं सगळं भांडवल. त्यातला एक कोसळला तर दहा जणांत भागवा.

रहीमनी जर्नैलला सेंटर फॉरवर्डला टाकलं.

सिनेमात हे बघताना अंगावर काटा येतो वगैरे ठीक आहे, पण हा जुगार वाटतो तितका आंधळा नव्हता. त्या संघाबद्दल लिहिणारे सांगतात की जर्नैल कॉलेजात असताना पुढेही खेळलेला होता. म्हणजे रहीमनी त्याच्यात नवीन काही घातलं नाही, जुनं काहीतरी आठवून बाहेर काढलं. मुळात ते शिक्षक. हैदराबाद सिटी पोलीसच्या टीमला घडवलेला आणि १९५० पासून भारताच्या संघाला शिकवणारा माणूस. १९५२ च्या हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ला तेव्हाही तेच प्रशिक्षक होते आणि १९५६ ला मेलबर्नमध्ये भारत चौथा आला तेव्हाही. आपल्या पोरांपैकी कोण कुठे खेळून आलाय, हे त्यांना ठाऊक असणारच. आपल्याकडे एचआरच्या सिस्टिममध्ये 'स्किल्स'चा रकाना असतो ना, तसं काहीतरी, फक्त तो भरलेला आणि कोणीतरी वाचलेला.

दुसरी गोष्ट. फॉरवर्डला हेडर येतात, पण ते कधी घ्यायचे हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतं. स्टॉपरला मात्र समोरचा ठरवतो. आणि तिसरी माझी आवडती. ज्याने आयुष्यभर फॉरवर्ड अडवलेत त्याला बॅक कशाने हैराण होतात हे सगळ्यात जास्त माहीत असतं. (हॅकरला सिक्युरिटी टीममध्ये घेतात त्याच्या बरोबर उलटं.)

असं करणारे रहीम जगात पहिले होते असं मुळीच नाही. इंग्लंडमध्ये लीड्स युनायटेडने जॉन चार्ल्स नावाच्या वेल्श सेंटर हाफला पुढे टाकलं आणि १९५३-५४ च्या सीझनला त्याने लीगमध्ये ४२ गोल मारले. १९५७ ला युव्हेंटसने त्याला इटलीला नेलं. १९५३ च्या एफए कपच्या फायनलमध्ये बोल्टनचा एरिक बेल मांडीचा स्नायू दुखावल्यावर विंगला जाऊन लंगडत उभा राहिला आणि त्याही अवस्थेत त्याने हेडरने गोल केला! बदली नसल्यामुळे जखमी माणसाला पुढे ढकलायची तेव्हा पद्धतच होती, तिथे निदान समोरच्या एका माणसाला तरी तो गुंतवून ठेवेल म्हणून. रहीमचं वेगळेपण हे की त्यांनी जर्नैलला अडगळ म्हणून पुढे नाही टाकला. मॅच सुरू व्हायच्या आधी, विचार करून, गोल मारायलाच पाठवला.

सेमीफायनल ३-२. दोन गोल कॅप्टन चुनी गोस्वामीचे, एक जर्नैलचा.

फायनल ४ सप्टेंबर १९६२, पुन्हा दक्षिण कोरिया. सेनायनच्या स्टेडियममध्ये लाखाच्या आसपास लोक आणि ते बहुतेक सगळे भारताच्या विरोधात. कारण फुटबॉल नव्हतं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवलं होतं, भारताच्या जी. डी. सोंधींनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला, आणि जकार्तातलं वातावरण पेटलं. भारतीय वकिलातीवरसुद्धा जमाव चालून गेला. खेळाडूंची अवस्था काय असेल! त्या गर्दीत भारताच्या बाजूने ओरडणाऱ्या मोजक्या लोकांमध्ये पाकिस्तानची हॉकी टीम होती. हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला. विसाव्या मिनिटाला भारताला फ्री किक मिळाली. ती घेतली फॉर्च्युनाटो फ्रँकोने, आणि गोल जर्नैल सिंगचा. २-०. कोरियाने शेवटी शेवटी एक फेडला, पण तेवढाच. ज्या टीमने नऊ दिवसांपूर्वी २-० ने हरवलं होतं, तिलाच हरवून सुवर्णपदक.

इथे बाबा एकदम सावरून बसले, कारण मी त्यांना सांगितलं की हा फ्रँको गोव्यातल्या कोलवाळचा, मुंबईत वाढलेला आणि टाटांच्या टीमकडून खेळलेला. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक मारणारा नेव्हिल डिसूझाही टाटांचाच. "म्हणजे आपलाच की!" इति बाबा. १९१५ पासून आमच्या इथल्या पाण्यावर खोपोलीत वीज तयार होते आणि ती मुंबईला जाते, तेव्हा त्या हिशोबाने टाटा स्पोर्ट्स क्लब थोडा वलवणचाही झाला. मी वाद घातला नाही. एक लक्षात घ्या मात्र: गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ ला. त्याला नऊ महिनेही झाले नव्हते आणि कोलवाळचा पोरगा भारतासाठी फायनलमध्ये फ्री किक घेत होता. फ्रँको २०२१ मध्ये गेले. त्या गोलची गोष्ट सांगताना आपण जर्नैलचं डोकं सांगतो, फ्रँकोचा पाय सांगत नाही.

आणि अरुण घोषचं नाव तर कोणीच घेत नाही. बाबांच्या प्रश्नावर मी जे शोधत बसलो होतो ते खरं हे होतं. स्टॉपर पुढे गेला, तर मागची जागा कोणी भरली? सेमीफायनल आणि फायनल, दोन्हीकडे बचावाचा मध्य सांभाळायची जबाबदारी मुख्यतः अरुण घोषवर आली. सोबत चंद्रशेखर आणि त्रिलोक सिंग. तापाने आजारी असलेला पीटर थंगराज फायनलला गोलमध्ये परत आला. कोरियासारख्या टीमला या मंडळींनी एका गोलवर थांबवलं. ते तसं थांबले नसते, तर जर्नैलचा गोल हा हरलेल्या मॅचमधला एक गोल झाला असता आणि रहीमच्या निर्णयाला आज आपण मूर्खपणा म्हटलं असतं. माझं तर मत आहे की रहीमची खरी चाल जर्नैलला पुढे नेण्यात नव्हती. त्याच्याशिवाय बचाव उभा राहील इतका तो आधीच बांधून ठेवलेला होता, म्हणून त्यांना तो माणूस मोकळा करता आला.

रहीम तेव्हा आजारीच होते. कॅन्सर. ११ जून १९६३ ला ते गेले. जर्नैल परत आपल्या स्टॉपरच्या जागेवर गेला आणि पुढे भारताचा कॅप्टनही झाला. २००० साली कॅनडात वारला. फुटबॉलमध्ये एशियाडचं सुवर्ण भारताला त्यानंतर मिळालेलं नाही. १९७० ला ब्राँझ मिळालं, बस.

आता ऑफिसचं. मी पाच वर्षं प्रॉडक्शन सपोर्टला आहे. नव्वद मिनिटं हेडर. मॅनेजर शुक्रवारी म्हणाला, नवीन प्रॉडक्टच्या टीममध्ये ये, कोडिंग, डिझाइन, सगळं करायला मिळेल. कॉलेजात मी तेच करायचो, त्याच्या ते बरोबर लक्षात होतं. (फुटबॉललासुद्धा मी बॅकच होतो. फायनल इयरला सरांनी एकदा फॉरवर्डला टाकलं होतं, त्या मॅचबद्दल न बोललेलं बरं.) ऑफर चांगली आहे, शुक्रवारी रात्री झोप आली नाही इतकी चांगली. मी फक्त विचारलं, माझ्या जागी कोण? तो म्हणाला, ते बघू नंतर. माझ्या हाताखाली एक ज्युनिअर आहे, गेल्याच वर्षी लागलेली. हुशार आहे, पण रात्री दोनला बँकेचा सर्व्हर पडला की अजून मलाच फोन करते.

रविवारी दुपारी तिला फोन केला. दोन तास आम्ही सगळ्या जुन्या तिकिटांची यादी करत बसलो, कुठला जॉब कधी फाटतो, कोणाला उठवायचं, कोणाला उठवून उपयोग नसतो. तिने मध्येच विचारलं, "सर, तुम्ही चाललात का?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. सोमवारी मॅनेजरला सांगणार आहे, दीड महिना दे, या पोरीला तयार करतो, मग येतो. नाही म्हणाला तर बघू.

बाबा मागून ओरडले, "संपलं का? संध्याकाळची लोकल चुकेल." बाहेर अजून ओततंय. धरण भरत आलंय म्हणे, खिडकीतून बघून सांगितलं त्यांनी.