जुन्या जिप्सीचे वय

जुनी फोर-बाय-फोर घेणारा माणूस नोंदणीचे वर्ष पाहतो, मीटरवरचे किलोमीटर पाहतो आणि बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो. या तिन्हींतून गाडीच्या पुढच्या दहा वर्षांविषयी फारच थोडे कळते. गाडीला एकच एक वय नसते. तिच्यातले काही भाग वापराने झिजतात, काही नुसत्या काळाने कुजतात, तर काही न वापरल्याने बिघडतात. या तीन प्रकारच्या वयांचा हिशेब वेगवेगळा मांडला, तरच विश्वासार्हतेबद्दल नेमके काही बोलता येते.

उदाहरण म्हणून मारुती जिप्सी घेऊ. १९८५ च्या डिसेंबरात ती बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिची खुली विक्री थांबली. सुरुवातीचे ९७० सीसीचे इंजिन जाऊन जिप्सी किंगमध्ये १२९८ सीसीचे आले, पण लॅडर चासी, पुढे-मागे पाटे आणि हवी तेव्हाच पुढची चाके जोडणारी ट्रान्सफर केस हा सांगाडा कायम राहिला. एकच रचना तीन दशकांहून अधिक काळ रस्त्यावर राहिल्यामुळे तिच्या खोडी गावोगावच्या फिटरांना तोंडपाठ आहेत. ताडोबात सफारीला गेलेल्या कुणालाही या गाडीची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

आता थोडे गणित. गाडी चालण्यासाठी शंभर भाग धड असणे आवश्यक आहे आणि त्यांतला प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याची शक्यता ९९ टक्के आहे, असे समजू. ऐकायला हा आकडा उत्तम वाटतो. पण सगळेच्या सगळे शंभर भाग टिकण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा शंभरावा घात. तो जेमतेम ३७ टक्के भरतो. प्रत्येक भागाची शक्यता ९९.९ टक्क्यांवर नेली की हीच संख्या ९० टक्क्यांवर जाते. फोर-बाय-फोरमध्ये तर पुढचा डिफरन्शियल, ट्रान्सफर केस, जादा प्रोपेलर शाफ्ट, त्यांचे क्रॉस आणि किंगपिनची बेअरिंगे यांची भर पडते. म्हणून ‘इंजिन भक्कम आहे’ एवढ्यावर गाडीची ग्वाही देता येत नाही.

सुट्या भागाच्या आयुष्याचे वर्णन करण्यासाठी स्वीडिश अभियंता वालोडी वायबुल याचे वितरण वापरतात. त्याचा गाजलेला निबंध १९५१ चा. या वितरणाचा घाट ठरवणारा आकडा एकाहून मोठा असेल, तर वयाबरोबर बिघाडाची शक्यता वाढत जाते. बेअरिंग, क्लच प्लेट, क्रॉस हे सारे या वर्गातले. मग अशाच भागांची बनलेली गाडी वर्षागणिक अधिकाधिक बेभरवशाची व्हायला हवी. तसे नेहमी होत नाही. ड्रेनिक या संशोधकाने १९६० मध्ये याचे कारण गणिताने दाखवले: अनेक स्वतंत्र भाग वेगवेगळ्या वेळी बिघडून बदलले गेले, की त्यांची वये एकमेकांत मिसळतात आणि संपूर्ण यंत्राचा बिघाडाचा दर कालांतराने जवळजवळ स्थिर होतो. नीट राखलेली पंचवीस वर्षांची जिप्सी पंधरा वर्षांच्या जिप्सीइतकीच भरवशाची असू शकते, ती याच अर्थाने. जुन्या गाड्यांवर जीव असणाऱ्यांसाठी मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. त्याला अटी मात्र दोन आहेत. बदललेला भाग मूळ भागाच्या तोडीचा हवा आणि मुख्य म्हणजे तो बदलला जायला हवा.

चासी बदलली जात नाही, आणि खरा निकाल तिथेच लागतो. पेटीसारख्या बंद तुळयांमध्ये चिखल साचतो, पाणी वाहून जाण्याची भोके बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा रंग शाबूत दिसत असतानाच आतला पत्रा पातळ झालेला असतो. कोकणात चार महिन्यांचा पाऊस आणि खारी हवा एकत्र आल्यावर हा वेग आणखी वाढतो. मागच्या पाट्यांचे हँगर, बॉडी टेकते ते कंस आणि स्टिअरिंग बॉक्सची बैठक या जागा हातोडीने हलके ठोकून पाहाव्यात. धड पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. गंजावरच डांबरी कोटिंग मारलेले असेल, तर मी त्या गाडीपासून दूर राहीन. त्या थराखाली ओल कोंडून राहते. दोन लाख किलोमीटर धावलेली, इंजिन बांधून घेतलेली पण कोरड्या मुलखातली जिप्सी मी खाडीकाठी उभ्या राहिलेल्या चाळीस हजार किलोमीटरच्या जिप्सीपेक्षा निःशंकपणे पसंत करीन.

रबर आणि द्रव यांचे वय किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर चालते. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषते. प्रमाणित डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओल शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो. घाट उतरताना द्रव उकळून वाफ झाली, की पेडल थेट तळाला जाते. तीन वर्षे शेडमध्ये उभी असलेली गाडी ‘फारशी चाललेली नाही’ म्हणून कौतुकाने विकली जाते, तेव्हा हे आवर्जून आठवावे. ओढा ओलांडतानाही असेच काहीसे घडते. तापलेले एक्सल हाउसिंग पाण्यात एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. गिअर ऑइल दुधाळ दिसले, तर ते त्याच दिवशी बदलावे आणि ब्रीदर मोकळा आहे ना, ते पाहावे.

फोर-बाय-फोरचा सर्वांत फसवा भाग म्हणजे खुद्द फोर-बाय-फोर. वर्षातून दोनदा लागणारी ही यंत्रणा बिघडली तरी रोजच्या चालवण्यात कळत नाही. असा बिघाड चाचणी घेतल्याशिवाय उघड होत नसल्यामुळे, यंत्रणा ऐनवेळी निकामी सापडण्याची सरासरी शक्यता साधारणपणे बिघाडाचा दर गुणिले दोन चाचण्यांमधला काळ, भागिले दोन एवढी येते. दर वर्षाला ०.२ धरला आणि चाचणी वर्षातून एकदाच घेतली, तर ती दहा टक्के. दरमहा घेतली तर एक टक्क्याहून कमी. म्हणून महिन्यातून एकदा लिव्हर टाकून काही किलोमीटर चालवावे, पण मातीवर किंवा ओल्या गवतावर. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठा फेरा घेतात. जिप्सीला मधला डिफरन्शियल नसल्याने डांबरावर तो फरक शाफ्टमध्ये पिळासारखा साठतो आणि क्रॉस व दाते सोसतात. दरमहाच्या या चालवण्याने सुकत चाललेल्या सीलांनाही तेल पोचते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे पाच-पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. तपासणीत दिवे, ब्रेक, धूर पाहिले जातात. चासीच्या पेटीत कुणी डोकावत नाही. ते काम मालकाचेच. त्याहून अवघड प्रश्न सुट्या भागांचा. बेअरिंगे ठरावीक मापांची असल्याने बाजारात मिळत राहतील. स्टिअरिंग नकलचे भाग, ट्रान्सफर केसचे गिअर आणि क्राऊन-पिनियन मात्र चांगल्या प्रतीचे मिळणे दिवसेंदिवस कठीण होईल, आणि हलका लोकल भाग बसवला की ड्रेनिकची पहिली अट मोडते. हे लोखंडी भाग आज मिळत आहेत तोवर घेऊन, ग्रीस लावून, कागदात गुंडाळून ठेवावेत. सील, होज आणि टायमिंग बेल्ट यांचा साठा करू नये. रबराचे वय फळीवरही वाढते.